किती काम निघेल?

नाना पेठेत आमचं गॅरेज होतं तेव्हा रविवारी सकाळी साडेसातलाच कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं. कधी बँकेतला कारकून, कधी शाळामास्तर, कधी मार्केट यार्डातला आडत्या. "अप्पा, एक गाडी बघितलीय. जरा नजर टाकायला येता का?" अप्पा म्हणजे माझे वडील. ते चहा संपवायचे, खुंटीवरची पिशवी घ्यायचे आणि मला म्हणायचे, "चल." पिशवीत टॉर्च, स्पॅनर, प्लग पाना, फडकं, शिसपेन्सिल, पाठकोरे कागद आणि एक स्टीलचं फुलपात्र असायचं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. टॉर्च धरणं हे माझं काम.

गाडी बघून झाली की घेणारा अप्पांना बाजूला घ्यायचा आणि दबक्या आवाजात विचारायचा, "किती काम निघेल?"

गाडी चांगली आहे का, असं कुणी विचारत नसे. ही गोष्ट मला पुढे पन्नास वर्षं हाच धंदा केल्यावर कळली. 'चांगली आहे का' हा प्रश्न ज्याच्यापुढे चार गाड्या उभ्या आहेत त्याचा. ज्याला पुण्यात सहा महिने हिंडून एकच गाडी हाती लागली आहे, तो ती घेणारच असतो. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की गाडी घरी आल्यावर गॅरेजात किती पैसे ओतावे लागतील.

हा प्रश्न त्या काळातून आला. आपल्याकडे मोटारी जोडायचा पहिला कारखाना १९२८ साली मुंबईत शिवडीला निघाला, तो जनरल मोटर्सचा. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे नुसती जोडणी व्हायची. मग सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं नाही त्यांनी नुसत्या जोडणीचा धंदा बंद करावा. परदेशी कंपन्या निघून गेल्या. उरल्या तीन गाड्या : कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याकडची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं मध्यमवर्गीय माणसाचं मोटारीचं जग एवढंच होतं.

नव्या फियाटसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. मुलगा शाळेत असताना पैसे भरलेत आणि गाडी त्याच्या लग्नाला आली, अशी घरं मी पाहिली आहेत. १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतीच ठरवून दिल्या, कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, पण रांग काही हलली नाही. छापील किंमत एक आणि बाजारातली दुसरी. वर वाजवून घ्यायचे ते 'ऑन'. वर्षभर वापरलेली फियाट नव्या गाडीच्या छापील किमतीपेक्षा जास्त भावाला जायची, कारण ती आज मिळत होती. अशा बाजारात जाणकाराने 'घेऊ नका' म्हणणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा रांगेत ढकलणं. अप्पा ते फार क्वचित म्हणत. ते यादी करत.

ती यादी कशी व्हायची ते सांगतो, कारण हे ज्ञान कुठल्या पुस्तकात उतरलेलं माझ्या पाहण्यात नाही.

पहिली अट, इंजिन थंड हवं. म्हणून तर सकाळची वेळ. विकणाऱ्याने आदल्या तासात गाडी तापवून ठेवली असेल तर अप्पा बॉनेटवर तळवा ठेवून नुसतं म्हणायचे, "उद्या येतो." थंड गाडीला चोक ओढून सेल्फ मारायचा. किती सेल्फला उठते, उठल्यावर पहिला धूर कसला येतो ते बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल खाते. तेवढ्यात मला मागे पाठवायचे. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा आणि त्यांना दाखवायचा. हातावर काळे तेलकट ठिपके आले की अप्पा पाठकोऱ्या कागदावर लिहायचे, 'रिंग'. मग ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडायचं. तिथून भपकारे यायला लागले तर 'रिंग' खोडून 'हाफ इंजिन'.

फुलपात्र त्यानंतर. त्यात काठोकाठ पाणी भरून एअर क्लीनरच्या डब्यावर ठेवायचं आणि गाडी नुसती आयडलिंगवर सोडायची. फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. चारही सारखे ओढत असतील तर पाण्यावर बारीक, एकसारखी थरथर उठते, मधोमध वर्तुळं. एखादा सिलिंडर मार खात असेल तर पाणी दर झटक्याला एका बाजूने हिंदकळतं आणि काठावरून सांडतं. अप्पा वाकून त्या पाण्याकडे बघत उभे राहायचे. मी त्यांचा चेहरा बघायचो. कान, तळवा आणि डोळा एकाच जागी लावून बसलेला माणूस मी पुढे फार कमी पाहिला.

मग पत्रा. फडक्यात लोहचुंबक गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवायचं. जिथे चुंबक धरत नाही तिथे लांबी भरलेली, म्हणजे आतला पत्रा सडलाय. मॅट उचलून जमिनीचा पत्रा अंगठ्याने दाबायचा. स्टेअरिंग हलवून पुढचं चाक किती उशिरा वळतं ते बघायचं, चाक जॅकवर घेऊन किंगपिनचा खेळ बघायचा. गिअरची दांडी स्टेअरिंगलाच, ती किती सैल झाली ते हाताला कळायचं. मीटरवर अप्पांचा भरवसा नव्हता. त्या काळच्या बऱ्याच मीटरना पाचच आकडे, लाख झाले की पुन्हा शून्य. शिवाय केबल काढून मीटर मागे फिरवणारे होतेच. ते क्लचच्या पायपट्टीचं रबर बघायचे. रबरावरच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील आणि मीटर तीस हजार दाखवत असेल, तर खरं काय ते रबर सांगत होतं.

आणखी एक तपासणी फक्त मुंबईहून आलेल्या गाडीची. मागच्या दाराच्या वरचं रबर बोटभर ओढून बाहेर काढायचं आणि टॉर्च मारायचा. तिथे पिवळा रंग दिसला की गाडी टॅक्सीतून काढलेली. वरून क्रीम कलर मारलाय, सीटं नवी आहेत, घड्याळ बसवलंय, सगळं आहे, पण रबराखाली रंगाऱ्याचा ब्रश पोचलेला नाही. ती पिवळी रेघ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्या गाडीबद्दल वाईट वाटलं. बिचारीने मुंबईत दिवस-रात्र दोन पाळ्या करून झाल्या होत्या. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी, म्हणजे याच फियाटची टॅक्सी, २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी दोनदा वाचली.

शेवटी घाट. कात्रजचा जुना घाट बोगद्यापर्यंत चढायचा. तिसऱ्यावर ओढते का, दुसरा पाडावा लागतो का, रेडिएटर कुठल्या वळणावर उकळतो. उन्हाळ्यात पेट्रोल लॉक होऊन गाडी अध्येमध्ये थांबायची, मग पंपावर ओलं फडकं टाकून कठड्यावर बसायचं. तिथे बसून अप्पा यादी पुरी करायचे. 'हाफ इंजिन. क्लच प्लेट. किंगपिन दोन्ही. ड्रायव्हर बाजूचा पत्रा. शॉकअप मागचे.' प्रत्येकापुढे रकमा, खाली बेरीज. तो कागद घेणाऱ्याच्या हातात. विकणाऱ्याशी भाव काय करायचा तो त्याने करावा, त्यात अप्पा पडत नसत. घेणाऱ्याकडून एकवीस रुपये घ्यायचे. विकणाऱ्याचा चहासुद्धा नाही. दोन्हीकडून खाणारे जाणकार पेठेत होते आणि त्यांची घरं आमच्या आधी पक्की झाली. अप्पांना त्याचं दुःख नव्हतं, आईला थोडं होतं.

या सगळ्याच्या मागे नाना पेठ उभी होती, हे विसरून चालणार नाही. यादीतली प्रत्येक ओळ पेठेत पुरी करता यायची. किंगपिन मिळायचा, बुश मिळायचा, ब्लॉक बोअर करून मिळायचा, डायनामो पुन्हा भरून मिळायचा. जे मिळत नसे ते लेथवर करून मिळायचं, नाहीतर मुंबईला ऑपेरा हाऊसच्या मोटर स्पेअरच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या भंगारात सापडायचं. वाईट फियाट अशी चीजच नव्हती. किती पैशांत चांगली होईल एवढाच हिशेब. 'किती काम निघेल' हा प्रश्न ज्या गाडीचं प्रत्येक काम निघू शकतं तिच्यासाठीच जन्मला होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि या प्रश्नाची धार जायला लागली. १९८९ पासून गाड्यांच्या पाट्यांवर एमएच १२ दिसू लागलं, त्याच वेळी नवीन मोटार वाहन नियम आले, मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आले. नव्वदच्या दशकात कर्जं सोपी झाली, परदेशी कंपन्या परतल्या, १९९८ च्या सुरुवातीला होंडाची सिटी आली. माझ्या रविवारच्या गिऱ्हाइकाकडे आता तीन-तीन गाड्यांचे फोटो असायचे. मी 'ही नको' म्हटलं की तो लगेच 'मग ती बघू' म्हणायचा. यादी कुणालाच नको होती. हवं होतं ते हो किंवा नाही. मला हे सोपं गेलं आणि त्यातच मी चुकलो.

२६ जुलै २००५ ला मुंबईत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांत पुण्यात स्वस्त, चकचकीत, मुंबई पासिंगच्या सेडान फार दिसायला लागल्या. माझ्या एका जुन्या शेजाऱ्यांसाठी मी तसलीच एक बघितली. इंजिन सुरेख, पत्रा मूळचा, रंगाची जाडी सगळीकडे सारखी, कागद साफ. मी मान डोलावली. चार महिन्यांनी पावसाळ्यात तिची वायरिंग एकेक करून मरायला लागली. काचा बंद होईनात, मीटर विझायचं, एकदा हडपसरच्या चौकात गाडी जागच्या जागी मेली. मी ती खोलली तेव्हा कार्पेटखाली, सीटच्या रुळांच्या बोल्टांना गंज होता आणि वायरिंगच्या जोडांत हिरवी बुरशी. शेजाऱ्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ते निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली गाडी अर्ध्या किमतीला देऊन बसले आणि मला दिवाळीचा फराळ नेहमीसारखा पाठवला. ती गोष्ट मला आजही खुपते. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीत बसलो की आधी सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढून बाहेर काढतो. पुरातल्या गाडीच्या पट्ट्यावर आत गुंडाळलेल्या भागात गाळाची पुसट आडवी रेघ राहते. धुणाऱ्याचा हात तिथवर जात नाही, जसा रंगाऱ्याचा ब्रश रबराखाली जात नव्हता.

हायब्रिड मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती २००९ साली. आदल्या वर्षी होंडाने सिव्हिक हायब्रिड इथे आणली होती, पूर्ण जपानहून बांधून आलेली, साडेएकवीस लाखांची. साध्या सिव्हिकच्या मानाने ती इतकी महाग होती की कुणी घेईना, मग काही महिन्यांतच कंपनीने तब्बल आठ लाख कमी केले. त्या सवलतीत घेतलेली एक गाडी माझ्याकडे डेंटिंगला आली. अप्पा तेव्हा ऐंशीच्या घरात होते, गॅरेजात नुसते येऊन बसायचे. मी त्यांना शेजारी बसवून डेक्कनकडे चक्कर मारली. लकडी पुलाच्या सिग्नलला थांबलो आणि इंजिन आपोआप बंद झालं. अप्पांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला. सिग्नल सुटला, मी ब्रेकवरून पाय काढला आणि इंजिन पुन्हा चालू. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "सेल्फ नाही ऐकू आला."

त्यांचा कान अजून तसाच होता. मी सांगितलं, की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक पातळ मोटर आहे, तीच इंजिन फिरवते, ब्रेक मारताना तीच वीज करून मागच्या सीटमागच्या बॅटरीत भरते. अप्पांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "आणि ही बॅटरी गेली तर पेठेत काय मिळेल?"

काही मिळणार नव्हतं. मी तसं सांगितलं. अप्पा त्यावर काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचा तो प्रश्न माझ्यापाशी राहिला आणि गेल्या वर्षी माझ्या भाचीने तो माझ्यापुढे नव्याने आणून ठेवला.

भाची कोथरूडला राहते, हिंजवडीला जाते. रोजचे जाऊन-येऊन दोन-अडीच तास, त्यातला निम्मा वेळ गाडी जागेवर. तिला मधल्या आकाराची हायब्रिड सेडान हवी होती. नवी घ्यावी की जुनी, यावर घरात वाद चालू होता. "मामा, तूच बघ आणि सांग."

मी तिला आधी एक गोष्ट सांगितली, जी जुन्या बाजारात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मागच्या बाजूला 'हायब्रिड' लिहिलंय म्हणून गाडी विजेवर चालते असं नसतं. २०१५ पासूनच्या मारुती सियाझवर हायब्रिडची पाटी असायची. तिच्यात एक छोटा जनरेटर इंजिनाला हातभार लावायचा, सिग्नलला इंजिन बंद-चालू करायचा. गाडी चांगली, डिझेलचं अ‍ॅव्हरेज कंपनी २८.०९ सांगायची, पण ती एक फूटसुद्धा नुसत्या विजेवर सरकत नाही. पाटी बघून पैसे जास्त मोजलेले लोक माझ्याकडे येऊन गेलेत. खऱ्या अर्थाची हायब्रिड म्हणजे जिची मोटर एकटी चाकं फिरवू शकते. तशी मोठी सेडान टोयोटाने ऑगस्ट २०१३ पासून बंगळूरजवळ बिडदीला जोडायला घेतली, ती कॅमरी. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हायब्रिडवर २८ अधिक १५ असा ४३ टक्के कर बसला, विजेच्या गाडीला मात्र सवलत. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला आहे आणि विजेच्या गाडीवर ५ आहे. मुळात विकल्याच कमी गेल्या, म्हणून जुन्या बाजारात खरी हायब्रिड सेडान शोधावी लागते. सापडली की विकणाराही सहज खाली येत नाही. मला फियाटचे दिवस आठवले.

औंधला एक २०१६ ची कॅमरी हायब्रिड होती. एक लाख दहा हजार किलोमीटर, एकच मालक. आम्ही सकाळी साडेसातला गेलो. टॉर्च भाचीने धरला.

या गाडीला सकाळी बटण दाबलं तर आवाज येईलच असं नाही. मीटरवर 'रेडी' असा शब्द उमटतो, एवढंच. इंजिन पुढे केव्हातरी आपल्या मर्जीने चालू होतं. तिला वेगळा सेल्फ नाही, डायनामो किंवा अल्टरनेटर नाही, पट्टा नाही, कारण पाण्याचा पंप आणि एसी दोन्ही विजेवर. गिअर बदलणारा गिअरबॉक्सही नाही. एक प्लॅनेटरी संच आहे, मधल्या दात्याला एक मोटर, भोवतीच्या दात्यांना इंजिन, बाहेरच्या कड्याला दुसरी मोटर आणि चाकं. कुणी किती ओढायचं हे या तिघांत क्षणाक्षणाला ठरतं. अप्पांच्या यादीतल्या निम्म्या ओळी इथे लिहायलाच जागा नाही. ब्रेक पॅडही फार टिकतात, कारण वेग बराचसा मोटरच खाते. या गाडीचे लाखानंतरही अर्धे शिल्लक होते. म्हणून पॅडवरून हायब्रिडचं वय ओळखायला जाऊ नये. सर्व्हिस सेंटरच्या संगणकातली प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर काढून घ्यावेत. क्लचच्या रबराची जागा आता त्या नोंदीने घेतली आहे.

सीटबेल्ट ओढले, स्वच्छ होते. इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं असतं, त्याची पातळी बघितली. मग मागच्या सीटकडे वळलो. मोठी बॅटरी सीटमागे असते आणि तिला थंड ठेवणारा पंखा गाडीतलीच हवा ओढतो. मालकाने हौसेने जाड सीटकव्हर शिवून घेतली होती आणि हवा ओढायच्या जाळीवर कव्हरची कड आली होती. मी ती कड बाजूला केली, जाळी काढली. आत पंख्याच्या पात्यांवर करड्या रंगाचा लोकरीसारखा थर बसला होता, टॉवेलचे धागे, केस, रस्त्याची धूळ. बोटाने ओढला तर सलग पापुद्रा निघाला, पापडासारखा. भाचीने विचारलं, "एवढ्याने काय होतं?" नऊ वर्षं, पुण्यातले नऊ उन्हाळे, या बॅटरीने तोंडावर चादर घेऊन काढले होते. निकेल-मेटल हायड्राइडच्या बॅटरीला उष्णतेइतकं वाईट दुसरं काही नाही.

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. २४४.८ व्होल्टची ही बॅटरी, ३४ मॉड्यूलांची, दोन-दोनच्या सतरा गटांत मोजली जाते. मोबाइलवर सतरा आकडे एकाखाली एक. गाडी उभी असताना सगळे सारखे. मग डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून धरला आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला, म्हणजे भार पडतो. सतरापैकी सोळा आकडे एका ओळीत खाली उतरले. अकरावा एकटाच त्यांच्याखाली जवळजवळ दीड व्होल्ट गेला. पाय काढला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच एकटा खाली. मी ते पाच-सहा वेळा केलं. फुलपात्रातलं पाणी एका बाजूने हिंदकळावं तसं ते होतं, आणि मी तिथे वाकून बघत असताना मला माझ्या पाठीचा कोन अप्पांसारखा वाटला.

तरी घाटात नेली. मालक सज्जन होते, नाही म्हणाले नाहीत. कात्रजच्या चढावर पडद्यावरची बॅटरीची पातळी पाहता पाहता उतरली. बोगद्यापाशी वळून खाली येताना तितक्याच झपाट्याने भरली. हे ऐकायला छान वाटतं, पण निरोगी बॅटरी सावकाश उतरते आणि सावकाश भरते. बादली लवकर भरली म्हणजे ती लहान झालेली असते. थकलेल्या बॅटरीची गाडी चालायची थांबत नाही. ती इंजिन जास्त वापरते, अ‍ॅव्हरेज पडतं आणि एके दिवशी मीटरवर लाल त्रिकोण लागतो. या कॅमरीचं कंपनीने सांगितलेलं अ‍ॅव्हरेज १९.१६. मालकांनी टाकी फुल ते टाकी फुल असं प्रामाणिकपणे मोजलेलं सांगितलं, शहरात तेरा.

मी पाठकोरा कागद काढला. त्यावर एकच ओळ लिहिली, 'मोठी बॅटरी', आणि पुढे सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलेली रक्कम. अप्पांच्या यादीत सहा-सात ओळी असायच्या आणि प्रत्येक ओळीवर पेठेत घासाघीस व्हायची. इथे एक ओळ, तिच्यावर घासाघीस नाही, आणि ती लाखांत. एक मॉड्यूल बदलून देणारे लोक आहेत, पण नऊ वर्षांच्या तेहतीस मॉड्यूलांत एक नवं बसवलं तर बाकीचे त्याला आपल्या पातळीवर ओढतात. मी भाचीला ते करू दिलं नसतं. मालकांना कागद दाखवला. तेवढी रक्कम सोडायला ते तयार नव्हते, आणि त्यांच्या जागी त्यांचंही चूक नव्हतं.

नव्या कॅमरीचा प्रश्नच नव्हता, ती डिसेंबर २०२४ मध्ये आली तीच ४८ लाखांना. राहिली होंडा सिटी हायब्रिड. मे २०२२ मध्ये साडेएकोणीस लाखांना ती आली तेव्हा कंपनीने २६.५ चं अ‍ॅव्हरेज सांगितलं होतं. तिची रचना कॅमरीपेक्षा वेगळी. शहरात इंजिन बहुतेक वेळ नुसती वीज करतं आणि चाकं मोटर फिरवते. हायवेच्या वेगाला एक क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. डिकीत बॅटरी बसल्यामुळे साध्या सिटीची ५०६ लिटरची डिकी इथे ३०६ लिटरची झाली आहे. गणपतीला कोकणात चार माणसांचं सामान घेऊन जाणाऱ्याने हे आधी बघावं. आणि जो आठवड्यातून दोनदा मुंबईला एक्स्प्रेस वेने जातो, शहरात फारसा फिरत नाही, त्याने हायब्रिडचे जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती कमाई गर्दीची आहे, बाणेर आणि हिंजवडीच्या रांगेतली. भाचीचं रोजचं आयुष्य त्याच रांगेत जातं, म्हणून तिला ती शोभते.

तिने तीन वर्षांची एक सिटी हायब्रिड शोधली. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. त्यातली पाच वर्षं उरलेली, आणि ती नव्या मालकाकडे चालू राहते हे आम्ही लेखी घेतलं. जुनी हायब्रिड घ्यायची तर मी याच वयाची घ्यायला सांगतो. नव्या गाडीचे पहिल्या तीन वर्षांत पडणारे पैसे आधीच्याने सोसलेले असतात आणि अप्पांच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून पाच वर्षं कंपनीच्या गळ्यात असतं.

थंड गाडी, सीटबेल्ट, जाळी, स्कॅनर, घाट, सगळं पुन्हा केलं. घाटात बॅटरीची पातळी हळूहळू उतरली, हळूहळू चढली. इसार दिला. मालकी बदलायच्या फॉर्मसाठी चासी नंबरची छाप लागते, ती मात्र अजून तशीच घेतात. पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. भाचीने टॉर्च धरला. मी एका हाताने कागद ताणून दुसऱ्या हाताने घासत गेलो, एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. तिने आरसी हातात घेऊन प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, सतराच्या सतरा जुळले.

मग तिने विचारलं, "मामा, किती काम निघेल?"

हा शब्दप्रयोग तिने कुठे ऐकला असेल कोण जाणे, कदाचित तिच्या आईकडून. मी कागद उलटा केला आणि लिहून दिलं. टायर दोन, पुढचे. बॅटरी, डिकीतली मोठी नव्हे, बॉनेटखालची बारा व्होल्टची, एक. एसीचा फिल्टर. खाली बेरीज.